हातभर अंतर

कराडला माझ्या धाकट्या भावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. प्रवेशाच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि काउंटरपलीकडून एकच वाक्य सारखं कानावर येतं, "व्हॉट्सॲप करा, नंबर भिंतीवर लिहिलाय." समोरची मुलगी आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला असं सगळं त्या नंबरवर पाठवते, प्रिंट घेते, पैसे देते आणि घाईघाईने कॉलेजच्या रांगेत जाऊन उभी राहते. तिच्या हातातला फोन आणि दुकानातला संगणक यांच्यातलं अंतर हातभर. तिचा दाखला मात्र आधी टॉवरकडे जातो, तिथून कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर, आणि मग उलटा फिरून त्याच काउंटरवर येतो. काम संपलं तरी दुकानाच्या फोनमध्ये तो तिच्या नंबरासकट पडून राहतो. वाटेत त्याला कुलूप असतं, हे चांगलंच आहे. पण मुक्कामी पोहोचल्यावर तो उघडाच असतो.

मला हे फार खटकतं. मे महिन्यात आठवडाभर त्या काउंटरमागे बसलो होतो, तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, केबल नको, नंबर नको, थेट घेता येईल असं काहीतरी बघ की." त्याच्यासाठी जे शोधलं, वाचलं आणि करून पाहिलं, ते इथे मांडतो आहे.

दुकानात येणाऱ्या फोनांत अँड्रॉइड जास्त, मधूनच आयफोन. दुकानाचा संगणक विंडोजचा. तिघांच्याही पोटात वाय-फायचा रेडिओ आहे आणि तो ८०२.११ या एकाच नियमावलीने चालतो. राउटरशी तिघेही बिनबोभाट बोलतात. म्हणजे हवेत अडचण काहीच नाही. अडचण येते ती त्याआधीच्या तीन गोष्टींत: शेजारी कोण आहे हे कळायचं कसं, त्याने माझी फाइल घ्यायला होकार द्यायचा कसा, आणि फाइलचे तुकडे कोणत्या क्रमाने, कोणत्या वेष्टनात द्यायचे. या तीन गोष्टी प्रत्येक कंपनीने आपापल्या रीतीने ठरवल्या. एका घराची रीत दुसऱ्या घराला ठाऊक नसते, म्हणून दोन फोन एकमेकांना चिकटवून ठेवले तरी अनोळखीच राहतात.

एके काळी ही रीत सगळ्यांची एक होती. ब्लूटूथचं काम १९९४ मध्ये एरिक्सनमध्ये सुरू झालं आणि १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा यांनी मिळून त्यासाठी गट स्थापन केला. दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजाचं नाव त्याला दिलं गेलं, कारण त्याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या असं मानलं जातं. फाइल देण्याघेण्यासाठी त्यांनी नवं काही न शोधता इन्फ्रारेडवाल्यांची ओबेक्स नावाची तयार पद्धत उचलली. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा फोन कोणत्याही फोनला गाणं देऊ शकायचा. 'गाणं ब्लूटूथ कर' असं आपण सर्रास म्हणायचो आणि एसटीच्या सीटवर दोन फोन शेजारी धरून टक्केवारी पुढे सरकताना बघत बसायचो. आयफोनने ब्लूटूथ घेतलं, पण त्यातली ही फाइल देण्याची सोय कधीच घेतली नाही. तिथे पहिली फूट पडली.

पण ब्लूटूथ मागे पडण्याचं मोठं कारण वेगळं होतं. त्याचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला साधारण २ मेगाबिट. एक गिगाबाइटचा व्हिडिओ म्हणजे ८,००० मेगाबिट, म्हणजेच ४,००० सेकंद, तासाहून जास्त. तोच व्हिडिओ सेकंदाला २०० मेगाबिट देणाऱ्या वाय-फायवर ४० सेकंदांत जातो. तीन-चार मेगाबाइटच्या गाण्याला ब्लूटूथ पुरेसं होतं, लग्नाच्या व्हिडिओला नव्हतं.

मग शेअरइट आणि झेंडर आले. त्यांची युक्ती साधी होती: एका फोनने स्वतःचा हॉटस्पॉट सुरू करायचा, दुसऱ्याने त्याला जोडून घ्यायचं आणि वाय-फायच्या वेगाने फाइल ओढायची. इंटरनेटचा एक थेंबही लागत नव्हता. डेटा महाग होता त्या काळात खेड्यापाड्यांत सिनेमे असेच फिरले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत ही दोन्ही होती. त्यानंतर काही आठवड्यांनी गूगलचं निअरबाय शेअर आलं. २०२४ च्या आरंभी ते सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये विलीन होऊन क्विक शेअर या नावाने चालू लागलं. विंडोजवरही ते बसवता येतं. अँड्रॉइड आणि विंडोज यांचं जमलं ते असं. ॲपलच्या घरात मात्र २०११ पासून एअरड्रॉप होतं आणि त्याचं दार आतूनच उघडायचं.

एअरड्रॉप आत नेमकं काय करतं, हे कंपनीने सविस्तर कधी सांगितलं नव्हतं. जर्मनीतल्या डार्मस्टाट तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी ते हवेतून ऐकून ऐकून उलगडलं आणि ओपनड्रॉप नावाची स्वतःची खुली आवृत्ती लिहून दाखवली. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती त्या यंत्राची सभ्यता. पाठवणारा फोन आधी ब्लूटूथवर एक बारीकशी हाळी देतो. ब्लूटूथ इथे फाइलसाठी नाही, फक्त जागं करण्यासाठी, कारण त्याला वीज फार कमी लागते. ती ऐकून शेजारच्या फोनचा वाय-फाय जागा होतो. मग दोघेही राउटरला मध्ये न घेता, ६, ४४ किंवा १४९ अशा ठरावीक चॅनलवर, घड्याळ जुळवून, क्षणाच्या बारीक हिश्श्यांत भेटू लागतात. त्यानंतर तीन विनंत्या जातात. पहिलीचं नाव डिस्कव्हर, म्हणजे 'कोण आहे?'. दुसरीचं आस्क, म्हणजे 'हे देऊ का?', हीच विनंती आपल्याला पडद्यावर चौकट होऊन दिसते. होकार मिळाला तरच तिसरी जाते, अपलोड. बँकेच्या संकेतस्थळाला जे कुलूप असतं, तेच इथेही. आणि फाइल ज्या वेष्टनात बांधतात ते सीपीआयओ हे युनिक्सच्या जगातलं १९७० च्या दशकातलं जुनं गाठोडं आहे. सगळा मालमसाला सार्वजनिक, तरी बाहेरच्याला दार बंद. गुपित होतं ते फक्त या वस्तू कोणत्या क्रमाने जोडल्या त्यात.

त्याच संशोधकांना एक गंभीर त्रुटीही सापडली. समोरचा आपल्या संपर्कयादीत आहे का, हे ताडून पाहण्यासाठी फोन नंबराचा सांकेतिक ठसा पाठवला जायचा. ठशावरून नंबर उलटा काढता येत नाही, हे खरं. पण सगळे नंबर क्रमाने घेऊन प्रत्येकाचा ठसा काढून जुळवता येतो. आपल्याकडचे मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८, ९ यांपैकी एकाने सुरू होणारे, म्हणजे फार तर ४०० कोटी. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, संगणकाला वाटत नाही. त्यांनी हे कंपनीला २०१९ मध्ये कळवलं. ओळख पटवण्यासाठी नंबर वापरणं किती नाजूक काम आहे, हे त्या दिवशी मला नीट समजलं आणि दुकानाच्या भिंतीवरच्या नंबराकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

ऐकून शिकण्याची ही वाट जुनी आहे. १९९१ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल हा संशोधक विद्यार्थी दोन वेगळ्या घराण्यांचे संगणक जोडू पाहत होता. त्यांची बोली कुठे लिहिलेली त्याला मिळाली नाही, तेव्हा त्याने तारेतून जाणारी पाकिटं टिपून घेतली, कोणत्या प्रश्नाला कोणतं उत्तर येतं ते पाहिलं आणि तसंच उत्तर देणारा प्रोग्राम लिहिला. पुढे तो ही रीत समजावताना कॅफेचा दाखला द्यायचा: परक्या गावातल्या कॅफेत बसून, लोक काय म्हणतात आणि वेटर काय आणतो हे बघत बघत भाषा शिकायची. त्या बोलीचं नाव एसएमबी. शब्दकोशात हीच अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधताना त्याला सांबा सापडला आणि तेच नाव प्रोग्रामला मिळालं. आजही लिनक्सचा संगणक विंडोजचं फोल्डर उघडतो तो सांबाच्या जोरावर. युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टविरुद्ध २००४ मध्ये दिलेला निर्णय न्यायालयात २००७ मध्ये टिकला. त्यानंतर सांबावाल्यांना अधिकृत कागदपत्रं मिळाली, तीही १०,००० युरो एकदाच भरून. सोळा वर्षं कान लावून जे शिकले, ते अखेर लेखी हाती आलं.

युरोपातच २०२५ च्या मार्चमध्ये तसाच पुढचा निर्णय झाला. राउटरशिवाय यंत्रायंत्रांत थेट वाय-फाय जोडण्याची क्षमता ॲपलने इतरांनाही खुली करावी, असं आयोगाने बजावलं. यासाठीची वाय-फाय अवेअर ही खुली पद्धत २०१५ पासून कागदावर होती, अँड्रॉइडमध्ये २०१७ पासून होती. २०२५ मध्ये आयफोननेही ती घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात गूगलने पिक्सेल १० या फोनवर क्विक शेअर थेट एअरड्रॉपशी बोलू लागल्याचं जाहीर केलं. ॲपलला सोबत न घेता त्यांनी हे केलं. आयफोनवाल्याला फक्त 'सगळ्यांसाठी, दहा मिनिटं' ही निवड करावी लागते. ब्लूटूथच्या वेळची फूट एका फोनपुरती तरी सांधली गेली.

भावाच्या दुकानात मात्र कोणता फोन येईल याचा भरवसा नाही. गिऱ्हाइकाला 'आधी हे ॲप टाका' म्हणायची सोय नाही; रांग लागलेली असते. म्हणून आम्ही राउटरच्या वाटेने जायचं ठरवलं. एकाच वाय-फायवर असलेल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक घरगुती क्रमांक देतो, १९२.१६८ ने सुरू होणारा. हे क्रमांक १९९६ मध्ये अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. माझ्या घरी आणि तुमच्या घरी एकच क्रमांक असला तरी गोंधळ होत नाही, कारण तो उंबऱ्याबाहेर चालतच नाही. प्रत्येक वाड्यात माजघर असतं, तसंच हे. शेजारी शोधायचा तर सार्वजनिक हाळीसाठी राखलेल्या पत्त्यावर ओरडायचं. प्रिंटर आपोआप सापडतो तो २२४.०.०.२५१ या पत्त्यावरच्या हाळीमुळे. लोकलसेंड नावाचं खुलं, फुकट ॲप २२४.०.०.१६७ वर हाळी देतं. ते विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळ्यांवर चालतं आणि त्याला इंटरनेट लागतच नाही.

पहिल्या दिवशी माझ्या फोनवर आणि दुकानाच्या संगणकावर लोकलसेंड टाकलं. दोन्ही एकाच वाय-फायवर, दोन्हीकडे ॲप उघडं, आणि कुणी कुणाला दिसेना. अर्धा तास आम्ही ॲपलाच बोल लावत होतो. कारण दुसरंच होतं. माझा फोन राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर होता. अशा नेटवर्कवर राउटर मुद्दाम प्रत्येक यंत्राला वेगळं ठेवतो: बाहेर इंटरनेटवर जा, पण शेजाऱ्याशी बोलू नका. हॉटेलात, हॉस्टेलवर, ऑफिसात हाच बंदोबस्त असतो आणि तो योग्यच आहे. अनोळखी माणसाने तुमच्या लॅपटॉपचं दार ठोठावू नये म्हणूनच तो असतो. तुमच्याकडेही दोन यंत्रं एकमेकांना दिसत नसतील, तर आधी हे तपासा. पाठोपाठ बघा विंडोजने त्या वाय-फायला 'पब्लिक' समजलंय का, कारण मग तो स्वतः हाकेला ओ देत नाही. आयफोनवर त्या ॲपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी आहे का, तेही पाहा. २०२० पासून ती वेगळी मागितली जाते आणि घाईत आपण नको म्हणून मोकळे होतो. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा गाडी या चारांपैकीच एका ठिकाणी अडलेली असते.

जवळ वाय-फाय नसेल, प्रवासात असाल, तर एका फोनचा हॉटस्पॉट चालू करून दुसरं यंत्र त्याला जोडा आणि लोकलसेंड वापरा. हॉटस्पॉट म्हटलं की आपला डेटा जाणार असं पुष्कळांना वाटतं. फाइल या हातातून त्या हातात जाते, ती सिमकार्डापर्यंत पोहोचतच नाही. लॅपटॉप मधल्या मध्ये अपडेट ओढू लागला तर मात्र डेटा जाईल, म्हणून मोबाइल डेटा तेवढा वेळ बंद ठेवा. यात वेगाचाही फायदा आहे. राउटरमधून पाठवताना फाइलचा प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, फोनकडून राउटरला आणि राउटरकडून संगणकाला. एकाच चॅनलवर दोन्ही खेपा झाल्या की वेग निम्म्यावर येतो. हॉटस्पॉटमध्ये खेप एकच.

काउंटरसाठी शेवटी जे जमलं ते असं. विंडोज संगणकाचा स्वतःचा मोबाइल हॉटस्पॉट सुरू केला. त्याला जोडलेल्या फोनला संगणक १९२.१६८.१३७.१ या पत्त्यावर दिसतो. दुकानाच्या संगणकावर पेअरड्रॉप हे खुलं संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडून ठेवलं आणि काउंटरवर दोन क्यूआर चिकटवले: एक वाय-फाय जोडायचा, दुसरा ते पान उघडायचा. गिऱ्हाइकाला ॲप लागत नाही, नंबर द्यावा लागत नाही. पान इंटरनेटवरून येतं, पण ते दोघांची गाठ घालून देण्यापुरतंच. त्यानंतर वेबआरटीसी या पद्धतीने दोन ब्राउझर आपसात थेट जोडले जातात आणि फाइल हातभर अंतरातूनच जाते. ते पान प्रत्येक यंत्राला एक रंग आणि एक प्राणी असं नाव देतं, म्हणून भावाने संगणकाचं नाव बदलून 'काउंटर' ठेवलं. एकाच वेळी चार फोन दिसत असले की हे फार महत्त्वाचं ठरतं. नाही तर एकीचा दाखला शेजारच्या फोनवर जायचा.

पहिल्यांदा हे एका बारावीच्या मुलीने वापरलं. दोन क्यूआर स्कॅन केले, गुणपत्रिका निवडली, 'काउंटर'वर बोट ठेवलं. संगणकावर चौकट आली, भावाने होकार दिला, आणि प्रिंटर घरघरू लागला तेव्हा ती अजून फोनकडेच बघत होती. "झालं?" तिने विचारलं. भाऊ म्हणाला, "झालं. आणि हे बघ, पुसतोय." त्याने फाइल तिच्यासमोर पुसली, रिसायकल बिनही रिकामा केला. फाइल संगणकावर उतरते, ती आपोआप जात नाही. ती पुसणं हे दुकानदाराचंच काम आहे आणि भाऊ ते आता प्रत्येक गिऱ्हाइकासमोर करतो. आलेली सगळी कागदपत्रं एकाच फोल्डरमध्ये असतात, म्हणून राहिलंच काही तर संध्याकाळी शटर ओढण्याआधी तो फोल्डरही मोकळा होतो.

शनिवारी एका गिर्यारोहण गटाचं पत्रक छापायला आलं. 'दऱ्याखोऱ्यांतून' असं फाइलचं नाव. भावाने ते आधी स्वतः टाइप करून ठेवलं होतं; दुरुस्त प्रत गटातल्या मुलाने आपल्या लॅपटॉपवरून पाठवली, तो लॅपटॉप वेगळ्या घराण्याचा. जुनी फाइल बदलायची का, असं संगणकाने विचारायला हवं होतं. विचारलं नाही. फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी उभ्या.

"दादा, असं होतंच कसं?"

दोष 'ऱ' चा होता. मराठीतलं हे अक्षर, दऱ्या, वाऱ्या, वऱ्हाड, तऱ्हा यांतलं, युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं. त्याचा स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. शिवाय ०९३० क्रमांकाचा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता, अशी जोडीही चालते. युनिकोड दोन्हींना समान मानतं आणि डोळ्यांना फरक दिसतच नाही. पण काही यंत्रणा फाइलचं नाव साठवताना अक्षराची फोड करतात, काही जसं आलं तसं ठेवतात, आणि विंडोजच्या डिस्कवर नाव ताडून पाहताना फोड केलेला 'ऱ' आणि अखंड 'ऱ' वेगळे भरतात. क, ख, ग यांना हा प्रश्नच येत नाही. मराठीला तो 'ऱ' मुळे हमखास येतो.

भावाने मुलाकडून आलेल्या फाइलचं नाव खोडलं आणि तेच नाव पुन्हा स्वतः टाइप केलं. एंटर दाबल्याबरोबर संगणकाने विचारलं, या नावाची फाइल आधीपासून आहे, काय करू?